एकविसाव्या दिवसाच्या आत

आमच्याकडं मुलाच्या वाटीत उरलेलं टाकत नाहीत. आईनं खायचं, आई नसेल तर जी बाई भरवत असेल तिनं खायचं. त्याला कुणी उष्टं म्हणत नाही. माझ्या आईनं स्वतःचं वेगळं ताट वाढून घेतलेलं मी फार कमी वेळा पाहिलं. आम्हा चौघांचं उरलेलं, तेच तिचं जेवण. म्हणून दुबईजवळच्या रास अल खैमाला आल्यावर मी शेजारच्या ताईंची मुलगी सांभाळायला लागले, तेव्हा तिच्या वाटीतला वरणभात मी पुसून खायची आणि त्यात मला काही वेगळं वाटत नव्हतं.

आमचे हे टाइल्सच्या कारखान्यात भट्टीवर कामाला आहेत. कधी पहिली पाळी, कधी दुसरी. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दिवसभर घरात मी एकटी. खिडकीतून एका बाजूला उघडा डोंगर दिसतो, दुसऱ्या बाजूला सिमेंटच्या गाड्या जातात. समोरच्या दारातल्या ताई फ्री झोनमधल्या ऑफिसात जायच्या. त्यांना पाळणाघर परवडेना आणि मला वेळ जाईना, असं ते जमलं. मुलगी दीड वर्षाची होती. गोरी, गुबगुबीत, सदा लाळ गळणारी. तिची लाळ मी माझ्याच ओढणीनं पुसायची. घास गरम आहे का ते ओठाला लावून बघायची आणि मग तिच्या तोंडात घालायची. तिनं अर्धा घास बाहेर काढला तर तो माझ्या तोंडात. ती टाळ्या वाजवून म्हणायची, "मावशी यम यम!"

ताईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "हे बघा, बिल्डिंगबाहेर कुणाला बोलू नका हं. इथं असं घरी मुलं सांभाळायला परमिशन लागते. उगाच इश्यू नको." मी कुणाशी बोलणार होते? मला दुकानदाराला दोनदा भाव विचारायचीसुद्धा लाज वाटते. पहिल्यांदा ऐकू आलं नाही तर मी पैसे देऊन मोकळी होते. आम्ही दोघांनीही घरात ठरवून टाकलं, कुणी विचारलं तर घरात आपण दोघंच.

आणि मग मला दिवस गेले.

तिसऱ्या महिन्यात मला चार दिवस ताप आला. मानेला गाठी आल्या, अंग मोडून गेलं. तापाची गोळी घेतली, झोपून राहिले, पाचव्या दिवशी बरी झाले. दवाखान्यात पुढच्या वेळी गेले तेव्हा ते सांगितलं नाही. बरं झालेलं दुखणं कशाला सांगायचं, आणि वर डॉक्टर रागावल्या तर?

मुलगी झाली. रडली जोरात, वजन चांगलं, रंग चांगला. सासूबाई महिनाभर आधीच गावाहून आल्या होत्या. त्यांना मी आत्या म्हणते, आमच्याकडं तसंच म्हणतात. आत्यांनी नात हातात घेतली आणि म्हणाल्या, "नाक माझ्या लेकाचं हाय. कपाळ कुणाचं कुणास ठावं." मी हसले. नऊ वर्षांत त्या मला एकदाही वाईट बोलल्या नव्हत्या. हा टोमणा मी आनंदानं घेतला.

दुसऱ्या दिवशी केरळची नर्स एक छोटं यंत्र घेऊन आली. बाळ झोपलेलं होतं. तिनं एका कानात रबरी टोक घातलं, थांबली, मग दुसऱ्या कानात घातलं. उजव्या कानाला तिनं तीन वेळा केलं.

"लेफ्ट पास है," ती म्हणाली. "राइट कान ने आवाज पकडा नहीं. कभी कभी ऐसा होता है. आठ दिन बाद लेके आना, टेन्शन नहीं लेना."

मी मान हलवली.

घरी आल्यावर आत्यांना सांगितलं. त्या तेल कोमट करत होत्या. "अगं, नऊ म्हैनं पाण्यात हुतं की ते लेकरू. कानात पाणी ऱ्हाणारच. तेल घातलं की सुटतंय बघ." आणि रोज मालिशच्या वेळी त्या दोन्ही कानांत दोन दोन थेंब सोडू लागल्या. आमच्या गावात सगळ्या बाळांच्या कानात तेल घालतात. माझ्याही घातलं होतं.

दहाव्या दिवशी जायचं म्हटल्यावर आत्या बिथरल्या. बाळंतिणीनं सव्वा महिना उंबरा ओलांडायचा नसतो. "काय नड हाय एवढी? सव्वा म्हैना होऊ दे, मग जा की दोघं. कान काय पळून जातोय व्हय?" हे म्हणाले, "आई, इथं अपॉइंटमेंट चुकली की परत महिना जातो. आपण गाडीतनं जायचं, गाडीतनं यायचं." शेवटी माझ्या कानात कापूस आणि डोक्याला घट्ट रुमाल बांधून आत्यांनी मला सोडलं. बाहेर ऊन आग ओकत होतं आणि मी रुमाल बांधून, बाळ कुंचीत गुंडाळून गाडीत बसले होते. स्वतः आत्याही आल्या, मागच्या सीटवर, वारा लागू नये म्हणून काचा चढवून.

डॉक्टरीणबाई पाकिस्तानच्या होत्या, त्यांचं बोलणं मला समजायचं. त्यांनी बाळाच्या कानात बघितलं आणि हातातलं यंत्र बाजूला ठेवलं. "ये कान में तेल किसने डाला?"

आत्यांनी छताकडं पाहिलं.

"तेल में टेस्ट ठीक नहीं आता. तेल बंद करो. दो हफ्ते बाद दोबारा करेंगे." मग त्यांनी कागदावर लिहिता लिहिता विचारलं, "हमल में, मतलब बच्ची पेट में थी तब, कभी बुखार आया था?"

मी म्हणाले, "नहीं."

"घर में कोई छोटा बच्चा है? दो तीन साल का? या आप किसी बच्चे के साथ रहती हैं?"

मी म्हणाले, "नहीं."

ह्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ते आमचं ठरलेलंच उत्तर होतं. डॉक्टरीणबाईंनी दोन ठिकाणी फुली मारली.

बाहेर कागद घ्यायला ती केरळची नर्स होती. माझा चेहरा बघून तिला वाटलं मी घाबरले आहे. मला धीर द्यायला म्हणाली, "अच्छा है घर में छोटा बच्चा नहीं है. नहीं तो एक वायरस होता है, छोटे बच्चे के थूक से माँ को आता है, माँ से पेट के बच्चे को. कान को पकडता है. उसका टेस्ट करना पडता. वो भी इक्कीस दिन के अंदर. उसके बाद मालूम नहीं पडता कि पेट में लगा या बाहर."

मी विचारलं, "दवा है?" हे मी विचारलं याचं मला अजून नवल वाटतं.

"है. लेकिन जल्दी चालू करना पडता."

गाडीत मी बोटं मोजली. दहा दिवस झाले होते. दोन आठवड्यांनी म्हणजे चोविसावा दिवस.

पुढचे दोन दिवस मी काहीच बोलले नाही. बोलणार होते, हे जेवायला बसले की बोलायचं ठरवायची. मग ते म्हणायचे, "मिरची वाढ गं," आणि ते राहून जायचं. मनात एक असं की मुलगी बरी आहे, पाणीच असेल. दुसरं असं की मी सांगितलं तर डॉक्टर विचारतील, बच्चा किसका, पैसे लेती हो क्या, कागद है क्या. ताईंची नोकरी, ह्यांचा व्हिसा, कुठून कुठं जाईल कुणास ठाऊक. आणि तिसरं, जे मी कुणालाच सांगू शकत नव्हते, ते हे की ताईंच्या मुलीच्या वाटीतला भात मी खाल्ला होता. कुणी मला खायला सांगितलं नव्हतं.

बाराव्या दिवशी बारसं होतं. आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची बहीण, दुबईत अल बर्शाला राहतात. त्या सकाळीच आल्या, गाडीभर सामान घेऊन. वन्सं खोलीत शिरल्या की खोली भरते. "वहिनी, पाळण्यावर फुगे लावलेत, पण वरवंटा कुठंय? आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात ठेवायचा असतो, माहितेय ना?"

वरवंटा इथं कुणाकडं असणार. हे स्वयंपाकघरातून म्हणाले, "मिक्सरचं भांडं देऊ का? त्याला घाला कुंची."

"तुला घालते कुंची," वन्सं म्हणाल्या. शेवटी खलबत्त्याचा बत्ता सापडला. त्याला बाळाचं टोपडं घातलं, तर ते एवढं मोठं झालं की सगळ्या बायका हसून लोळायला आल्या. बिल्डिंगमधल्या चारपाच बायका होत्या. शेजारच्या ताईही होत्या, मुलीला कडेवर घेऊन. मुलगी माझ्याकडं झेप घेत होती. बाळ झाल्यापासून मी तिला घेतलं नव्हतं.

नाव बाळाच्या आत्यानं, म्हणजे वन्संनी ठेवायचं आणि बाळाच्या कानात सांगायचं. वन्सं पाळण्यावर वाकल्या. मागं बायका त्यांच्या पाठीत धपाटे घालायला हात उगारून उभ्या. वन्संनी बाळाचं डोकं जरा वळवलं आणि उजव्या कानाशी तोंड नेलं.

"तिकडं नको," मी म्हणाले. "डाव्या कानात सांगा."

वन्सं तशाच वाकलेल्या राहिल्या. "का गं? आमच्या सासरी तर उजव्याच कानात सांगतात."

"उजव्या कानानं तिला ऐकू येत नाही."

आत्या म्हणाल्या, "अगं तेल हाय कानात. तेल सुकलं की येईल."

"तेल नव्हतं तेव्हाही आलं नव्हतं," मी म्हणाले. माझा आवाज मलाच दुसऱ्या कुणाचा वाटत होता, पण थांबत नव्हता. "डॉक्टरांनी विचारलं ताप आला होता का, मी नाही म्हणाले. आला होता. लहान मूल आहे का विचारलं, मी नाही म्हणाले. लहान मुलांच्या लाळेतून होतं म्हणे काहीतरी, ते पोटातल्या बाळाला लागतं. त्याची तपासणी एकवीस दिवसांच्या आत करावी लागते. आज बारावा आहे."

बत्ता अजून टोपडं घालून कोपऱ्यात ठेवलेला होता.

शेजारच्या ताईंनी मुलीला खाली ठेवलं. "म्हणजे... हिच्यामुळं?"

"नाही हो, मीच..." मी म्हणाले.

आत्या मात्र समजल्या. त्यांनी स्वतः पाच मुलांचं उरलेलं खाल्लेलं होतं. "ताटातलं खात व्हतीस व्हय तिच्या?" मी मान हलवली. मला वाटलं आता त्या बोलतील. त्या म्हणाल्या, "मग काय झालं. लेकराचं उरल्यालं खातच असत्यात. कुणाला ठावं हुतं." मग लेकाकडं वळून, "ए, गाडी कधी काढतुयास?"

"आई, सव्वा महिना..." वन्सं म्हणाल्या.

"गप. दवाखान्याला सव्वा म्हैना नसतुया."

ताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "कुणाला सांगू नका असं मीच म्हटलं होतं. डॉक्टरांना सांगू नका असं नव्हतं म्हटलं. पण मीच म्हटलं होतं." त्यांनी पर्समधून फोन काढला. "मिळेल त्या दिवशी मी हाफ डे टाकते. मी येते तुमच्याबरोबर. मी सांगेन डॉक्टरांना माझी मुलगी तुमच्याकडं असते. यल्ला, चला, अपॉइंटमेंट कधीची मिळते बघू."

वन्संनी नाव डाव्या कानात सांगितलं. कुर्र केलं. धपाटे हळूच पडले, नेहमीसारखे नाहीत. बाळ झोपेत होतं, ते जागं झालं नाही.

अपॉइंटमेंट चौदाव्या दिवशीची मिळाली. डॉक्टरीणबाईंनी माझं सगळं ऐकलं. मी हिंदीत अडखळत होते, ताई भर घालत होत्या. कागदाचं, परमिशनचं ताईंनी बोलायला सुरुवात केली तर डॉक्टरीणबाईंनी हात वर केला. "मुझे इससे क्या लेना. बच्ची का थूक लेना है. दूध कब पिलाया?"

"अभी."

"तो एक घंटा रुको. दूध में भी हो सकता है, टेस्ट गलत आएगा."

तो तास मी विसरणार नाही. बाळाला पंधरा मिनिटांतच परत भूक लागली. ती रडायला लागली, मी तिला खांद्यावर घेऊन लांबलचक मोकळ्या जागेत फेऱ्या मारत राहिले. माझा कुडता पुढून भिजला. ताई माझ्यामागून चालत होत्या, मध्येच म्हणायच्या, "अजून वीस मिनिटं." एक अरबी म्हातारी बाई बाकावर बसून बघत होती. तिला वाटलं मी निर्दयी आहे. ती हातानं खूण करून सांगत होती, पाज की बाई. तिला मी काय सांगणार? मी मान खाली घालून चालत राहिले. मग नर्सनं एक बोळा बाळाच्या गालाच्या आत फिरवला, एवढंच. पिशवी चिकटवून मूतही तपासायला घेतलं.

विसाव्या दिवशी कळलं. तोच वायरस होता आणि तो पोटातच लागला होता.

डोळे तपासले, डोक्याचा फोटो काढला. ते ठीक निघालं. कान धुऊन, बाळाला झोपवून, डोक्याला तारा लावून मोठी तपासणी केली. उजवा कान गेलेला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "जो चला गया वो दवा से वापस नहीं आएगा. लेकिन ये वायरस बाद में भी काम करता है. लेफ्ट कान भी जा सकता है. दवा उसको बचाने के लिए है." त्यांनी हेही सांगितलं की बहुतेक माणसांना आयुष्यात हा वायरस कधी ना कधी होतो, कळतही नाही, आणि लहान मुलं तर एकमेकांकडून रोज काही ना काही घेतात. कुणाचाच गुन्हा नाही. ताई शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी डोळे पुसले नाहीत, पण पर्सची चेन उघडत, लावत होत्या.

दूध पाजू की नको, हे मला विचारायचं होतं. लाज वाटत होती. विचारलं. "जरूर पिलाओ," त्या म्हणाल्या.

औषध सहा महिने, दिवसातून दोनदा. पातळ औषध, सिरिंजनं मोजून द्यायचं. ते देताना हातमोजे घालायचे, कारण ते औषध कडक आहे, हाताला लागू द्यायचं नाही. पहिल्या दिवशी मी हातमोजे घातले तेव्हा आत्या म्हणाल्या, "लेकराच्या पोटात घालायचं आन तुझ्या हाताला लागाय नको? काय अवशीद म्हणायचं हे." मलाही तेच वाटत होतं. सुरुवातीला दर आठवड्याला रक्त काढायचे. तिच्या टाचा टोचून टोचून निळ्या झाल्या होत्या. आत्या त्या टाचांना खोबरेल लावायच्या, कानाला मात्र त्यांनी परत बोट लावलं नाही. त्यांचा व्हिसा संपला तेव्हा जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. काही सांगतील वाटलं. त्या म्हणाल्या, "तू बोललीस ते बरं केलंस," आणि पिशवी उचलली.

ताई काही महिने कमी यायच्या. मुलीला त्यांनी पाळणाघरात घातलं. जिन्यात भेटल्या की बाळाच्या डाव्या कानाचं विचारायच्या, थेट नाही, "सगळं ओके ना?" असं. एक दिवस त्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला रोज वाटतं तुम्ही माझ्यावर रागावल्या असाल." मी म्हणाले, "मला वाटायचं तुम्ही माझ्यावर." मग आम्ही चहा केला. त्यांची मुलगी आता चार वर्षांची होत आली. ती माझ्या घरात आल्यावर इंग्रजीतच बोलते. बाळाच्या कानाशी मोठ्यानं ओरडून म्हणते, "हॅलो बेबी!" तिला सांगितलं आहे कुठल्या बाजूनं ओरडायचं.

बिल्डिंगमध्ये कुणाला दिवस गेलेले कळलं की मी आता त्यांच्या दारात जाऊन सांगते. लहान मुलाच्या वाटीतलं खाऊ नका. लाळ पुसली की हात धुवा. मला ते बोलायला अजून जड जातं. मी पायरीवरच सांगते आणि परत फिरते. एक बाई म्हणाली, "मग उरलेलं टाकायचं? अन्न टाकायचं?" मी म्हणाले, "हो, टाका." अन्न टाकायला सांगताना माझी जीभ अडखळली, पण सांगितलं.

आमची मुलगी चौदा महिन्यांची झाली. औषध कधीच थांबलं. दर तीन महिन्यांनी कानाची तपासणी असते. मागच्या आठवड्यात परत झाली. एका बंद खोलीत मी तिला मांडीवर घेऊन बसले. माझ्या कानांवर हेडफोन लावले, म्हणजे आवाज मला ऐकू येऊ नये आणि मी चुकून तिला काही दाखवू नये. कोपऱ्यातल्या पेटीत ढोल वाजवणारं अस्वल होतं. आवाज आला आणि तिनं वळून बघितलं तर अस्वलाचा दिवा लागायचा. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी फक्त तिची मान बघत होते. कधी ती वळायची, कधी नाही. नाही वळली तेव्हा आवाज होता का नव्हता, हेही मला कळत नव्हतं. बाहेर आल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "लेफ्ट वैसा ही है. अच्छा है. तीन महीने बाद आइए."

वैसा ही है. एवढंच मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग पेढे?" मी म्हणाले, "तीन महिन्यांनी परत बोलावलंय." ते म्हणाले, "तेव्हा परत पेढे."

एका कानाच्या माणसाला आवाज येतो, पण कुठून आला ते कळत नाही. हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं, तिच्याकडूनच शिकलो. काल हे पाळीवरून आले. ती खोलीच्या मध्ये डबे घेऊन बसली होती. ह्यांनी दारातून हाक मारली. तिचा चेहरा खुलला आणि तिनं खिडकीकडं बघितलं. खिडकीत कुणी नव्हतं. मग तिनं स्वयंपाकघराकडं बघितलं, तिथं मी होते, ते नव्हते. हे परत हाक मारणार होते, मी हातानं थांबवलं. ती डबा हातात धरून बसल्या जागी हळूहळू फिरत गेली, पलंग, कपाट, बुटांची फळी, एकेक बघत. नजर दाराशी आली तेव्हा तिला ते दिसले.